नऊ खणांचा चांदवा

न्हाऊ घालताना तिच्या नखातली नीळ काही निघाली नाही. मी चिंच लावली, राख लावली, तरी बोटांच्या कडेला निळी रेघ तशीच. आमची सासू भिकुबाई उंबऱ्यात बसली होती. ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे व छबू. तशीच जाऊ दे तिले. कानबाई वळखी लेई." मंग मी हात थांबवला.

ती म्हणजे मंगलाबाई, माझी मोठी जाऊ. चैत्रात ताप आला आन् आठ दिवसात गेली. आता आषाढ संपत आला. घरात कुठे बी हात घातला की तिचं काही तरी निघतं. पिठाच्या डब्यामागे नीळेची पुडी, फडताळात डिंकाची वाटी, चुलीमागे पत्र्याचा मोर. मी ते उचलते आन् परत तिथंच ठेवते.

मी लग्न होऊन कोरीटला आले तेव्हा ती ह्या घरात सहा वर्षं जुनी होती. मला वाटलं, जेठाणी म्हणजे आता रोज टोमणे. पहिल्याच दिवशी तिनं मला कोपऱ्यात नेलं, भेंडी आडवी कापून माझ्या हातात दिली आन् म्हणाली, "गेरूमा बुडव आन् भीतवर दाब." मी दाबली. भिंतीवर पाच पाकळ्यांचं फूल उठलं. मी हसले. ती म्हणाली, "बस. आते रडजो नको." मी रडणार होते हे तिला कसं कळलं, देव जाणे.

ती नंदुरबारची. तिचा बाप लोटन अमरचंद शेठच्या मिरचीच्या वखारीत पोती छापायचा. म्हणजे असं की शेठजीची मिरची गाडीनं सुरतेकडे जायची, तर पोतं कुणाचं ते कळायला त्याच्यावर खूण लागते. पत्र्याला भोकं पाडून केलेला छापा पोत्यावर ठेवायचा, चिंधीच्या बोळ्यानं काळा रंग थापायचा, छापा उचलला की खूण तयार. शेठजीची खूण मोर होती आन् मोराखाली अक्षरं. मंगलाबाई लहानपणापासून बापाशेजारी बसून हेच बघत मोठी झाली. आठ वर्षांची असताना घासलेटच्या डब्याचा पत्रा छिन्नीनं कापायची म्हणे. शेठजीची बायको नोजीबाई तिला दिवाळीला रंगाच्या पुड्या द्यायची आन् म्हणायची, "छोरी का हात देखो."

लग्नात बापानं तिला भांडी दिली, ती दिलीच, पण तिनं रडून एक जुना छापा बी मागून घेतला. तो मोराचा.

पहिल्या पोळ्याला तिनं आमच्या बैलांच्या झुली केल्या. जुन्या लुगड्याचे तुकडे जोडले, कडेला कवड्या लावल्या आन् मधोमध मोर छापला. मोर छान उठला. जोडी वेशीवर गेली तर सगळा गाव हसतोय. तिला वाचता येत नव्हतं. मोराखाली शेठजीचं नाव आन् "नंबर दोन" छापलं गेलं होतं. लोक माझ्या जेठाला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, म्हणायला लागले, "का रे नवलभो, बैल मारवाडीले इकी टाकात का?" जेठ तर लाल झाला. घरी येऊन ती हसून हसून लोळली म्हणे, मंग विळ्यानं पत्र्याची अक्षरंच कापून टाकली. नुसता मोर ठेवला. तोच हा चुलीमागचा.

तिचं कुठलंच सामान विकतचं नव्हतं. बांगडी फुटली की तिचा तुकडा ठेवायचा, त्याची कड रंगात बुडवली की अर्धं कडं उठतं. ज्वारीच्या चिपाडाचा ठिपका उठतो. दोडका कापला की वेगळंच फूल. पुठ्ठ्याला जवसाचं तेल पाजून वाळवायची आन् त्याचा छापा करायची, म्हणजे रंगानं भिजत नाही. रंग म्हणजे गेरू, हळद, नीळ आन् दिव्याची काजळी, बाभळीच्या डिंकात खललेली. आमच्या गोधड्या, बैलांच्या झुली, पोरींच्या गुलाबाईची मखरं, सगळ्यावर तिचा हात. गावात कुणाच्या घरी पाळणा हलला की पहिलं दुपटं मंगलाबाईकडून जायचं. कुणी काही दिलं तर घ्यायची, नाही दिलं तर विचारायची नाही.

सासू कधी कधी चिडायची. "शेत सोडीसन रंग कोन खास व?" म्हणायची. मंगलाबाई म्हणायची, "आत्याबाई, शेत बी करस आन् हाई बी करस." आन् खरंच दोन्ही करायची. निंदणीला तिची ओळ माझ्या दोन हात पुढे असायची.

आता कानबाईचं सांगते, कारण ते सांगितलं नाही तर मंगलाबाई कळायची नाही.

आमच्या खानदेशात श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. नारळाला नथ, साज घालून, लुगडं नेसवून चौरंगावर बसवायची, भाऊबंदातल्या सगळ्या घरांनी एकत्र रोट करायचे, सोमवारी वाजत गाजत नदीवर न्यायचं. आमच्या भाऊबंदात नऊ घरं आन् कानबाई एकच. ती आमच्या घरी बसते. खरं म्हणजे ती थोरल्या घराची, म्हणजे दिवलीबाईच्या सासरची. पण फार मागे ऐन रविवारी त्या घरची लग्न झालेली लेक वारली, त्या घरापुरतं सुतक आलं आन् कानबाई आमच्याकडे आणली. तेव्हापासून इथंच. दिवलीबाई माझी चुलत सासू. तिच्या मनात ते कायम सलत होतं आन् सलणारच, आम्हाला बी सललं असतं.

कानबाईच्या वर चांदवा, म्हणजे कापडाचं छत, टांगतात. आमचा चांदवा लाल खारव्याचा, म्हणजे जाड सुती कापडाचा, सासूच्या सासूनं आणलेला. त्याच्याखाली सासूनं पंचवीस वर्षं कानबाई मांडलेली.

लढाई चालू होती ते साल. श्रावणाच्या आधी घर सारवलं, भिंती धवळल्या आन् मंगलाबाईनं पेटीतून चांदवा काढला. रंग उडालेला, तेलाचे डाग. तिच्या मनात आलं की उजळवून वर मोर छापावेत. तिनं हंड्यात पाणी उकळलं, खार टाकला आन् चांदवा बुडवला. घटकाभरानं काठीनं उचलला तर काठीला नुसती सुतं. जुनं कापड, त्याला काय जीव राहणार? हंड्यात लाल पाणी आन् त्यात चोथा.

सासू आली, हंड्यात बघितलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती भिंतीला टेकून बसली आन् एवढंच म्हणाली, "मन्ही सासूनी मन्हा हातमा दियेल व्हता." मंग दोन दिवस जेवली नाही.

मी मंगलाबाईला म्हटलं, "बाई, उंदरांनी कुरतडला सांगू. कोण बघायला येतंय?"

तिनं माझ्याकडे बघितलं. "उंदीरनं नाव कसाले व? हात तर मन्हा व्हता."

आन् डोक्यावर पदर घेऊन स्वतः गेली रेवजी बाबांच्या ओट्यावर. रेवजी बाबा भाऊबंदातले सगळ्यात वडील माणूस, त्यांचा शब्द चालतो. मी मागे उभी होते. तिनं सरळ सांगितलं, खार टाकून मी जाळला. रेवजी बाबा पुष्कळ वेळ तंबाखू मळत राहिले. मंग म्हणाले, "रविवारपावत नवा चांदवा टांगा. कापड कोरं पाहिजे. वापरेल चालत नही, पानी लागेल चालत नही. नही व्हयनं तर औंदा कानबाई थोरला घर बसी." आन् वर म्हणाले, "आन् एकदा गयी का परत येत नही, हाई ध्यानमा ठेव पोरी."

रविवार अठरा दिवसांवर होता.

घरी सासूला कळलं. ती म्हणाली, "मी मरी जासू तधळ कानबाई ह्या घरमा पाहिजे. बाकी मन्हं काहीच मांगनं नही." मंगलाबाईनं ते ऐकलं आन् त्या दिवसापासून ती हसलीच नाही. मी तिला तशी कधी बघितली नव्हती.

आम्ही दोघी गाडी जुंपून नंदुरबारला गेलो. कापडाचा कंट्रोल होता. केवलचंदच्या दुकानात फळ्या रिकाम्या, वर मांजर झोपलेलं. केवलचंद म्हणाला, "बाई, मांजर पायजे तर ने. कापड कार्डावर, आन् ते बी पुढल्या महिन्यात." तिनं लोकांना हात जोडले, चार दुकानं फिरली. कुठे वारभर नाही.

तिचा बाप लोटन वखारीतच भेटला. त्याच्याकडे कापड कुठून असणार? त्यानं आतून दोन गोणपाटाची पोती आणली. "हाई ली जाय बेटी. कोरी शेतस. एक मिरची बी पडेल नही यासमा." नवीन होती खरी, शिवण बी मोडलेली नव्हती. तिनं हात फिरवून बघितलं, बसायला घेतात तशी घडी घातली आन् गाडीत ठेवली.

येताना नाल्यापाशी ती एकदम म्हणाली, "छबू, तुन्ही पेटीमा खण शे का?"

खण म्हणजे चोळीचं कापड. ओटी भरताना देतात. घेतलेला खण बाई लगेच शिवत नाही, पेटीत ठेवते, पुढे दुसरीला देते. प्रत्येक बाईच्या पेटीत एखादा तरी असतोच आन् तो कोराच असतो. आम्ही दुकानं पालथी घातली आन् कापड आमच्याच पेट्यांमध्ये होतं! पण कंट्रोलच्या दिवसात तो खण सोन्यासारखा. माझ्याकडे हिरवा होता, माझ्या आईनं दिलेला. आई तेव्हा नव्हती राहिली.

मी म्हटलं, "नही."

तिला ठाऊक होतं, तिनंच तो माझ्या पेटीत बघितलेला. रात्रभर मला झोप नाही. सकाळी ती पोती उलगडत बसली होती, मी खण तिच्यापुढे ठेवला. वाटलं, आता टोमणा येईल. ती म्हणाली, "आईना शे ना? याले कोपरामा नही लावाऊ. मधला खणले लागीसन लावसू." बस.

मंग ती घरोघरी फिरली, आन् मी तिच्यामागे. नऊ घरांचे नऊ खण, तीन ओळी, एकेका ओळीत तीन, असा तिचा हिशोब. कमलबाईनं उंबऱ्यातच विचारलं, "मन्हा खणवर काय काढशी?" मंगलाबाई म्हणाली, "मोर." कमलबाई म्हणाली, "मोरच काढजो व माय. मागला साल मन्हा नातूना दुपटावर हत्ती काढा व्हता, पोऱ्या त्याले डुक्कर म्हनस." पहिल्यांदा त्या दिवशी मंगलाबाई हसली. कुणी लगेच दिला, कुणी चार गोष्टी ऐकवून दिला. "जाळस तू आन् भरूत आम्ही" हे तर तीन घरी ऐकलं. ती प्रत्येक ठिकाणी म्हणायची, "खरं शे. मन्हं चुकनं." ज्यांना भांडायचं होतं त्यांना भांडताच येईना.

दिवलीबाईकडे ती शेवटी गेली. दिवलीबाई सुपात बाजरी पाखडत होती. मान वर न करता म्हणाली, "मन्हा खण तुमना घर टांगाले? कानबाई मन्हा घर येवू दे, मंग मी खण काय, शालू टांगसू."

मंगलाबाई म्हणाली, "काकी, मधली जागा थोरला घरनी ठेयेल शे. रविवारपावत वाट दखसू."

"दख," दिवलीबाई म्हणाली आन् सूप आपटलं.

आठ खण जमले. ती बारा दिवस बसली. दिवसा शेत, अंधार पडायच्या आधी आन् पहाटे हे. आधी खण एकमेकांना जोडले, कडा दुमडून, बारीक टाक्यानं. मधली जागा मोकळी. मंग एकेका खणावर छापे. कमलबाईच्या खणावर मोर, रेवजी बाबांच्या घरच्या खणावर भेंडीची फुलं गेरूची, त्याच्यात हळदीचा ठिपका. माझ्या आईच्या खणावर बांगडीची कडी एकात एक अडकवून साखळी केली, निळी. मी बघत बसायचे. तिचा हात छाप्यावर पडायचा तो एकदाच, सरळ, आन् उचलायचा बी एकदाच. हात हलला की रंग पसरतो. मी एकदा करून बघितलं, पसरला. तिनं त्या डागाचंच पान केलं.

खण पातळ, एवढं वजन चार दोऱ्यांवर पेलायचं नाही. म्हणून मागून गोणपाटाचं अस्तर लावलं. पोती धुतली नाहीत. रेवजी बाबांनी सांगितलं होतं ना, पाणी लागलेलं चालत नाही. कोरं ते कोरंच राहायला पाहिजे. मला शिवताना शिंका यायच्या. मी म्हटलं, श्रावणातली सर्दी. पोरं डोळे चोळायची. मंगलाबाईला काहीच होत नव्हतं. मिरचीच्या वखारीत वाढलेली बाई, तिच्या नाकाला काय कळणार?

शनिवारपर्यंत दिवलीबाईचा खण आला नाही. मंगलाबाईनं मधल्या मोकळ्या जागेत जो गोणपाट दिसत होता त्याच्यावरच मोठा मोर छापला, पिसाऱ्यासकट. बघणाऱ्याला वाटलं, हे असंच ठरवलेलं.

रविवारी दिवेलागणीला कानबाई बसली. चौरंग, त्याच्यावर नारळ नथ घालून, वर चांदवा. अख्खा गाव बघायला आला. रेवजी बाबा मान वर करून बघत राहिले आन् म्हणाले, "आसं तर राजाघर बी नही ऱ्हावाव." सासूच्या डोळ्याला पाणी आलं. दिवलीबाई कोपऱ्यात बसलेली, ती बी बघत होती, पण खालच्या नजरेनं.

चार समया लावल्या. बायांनी गाणी धरली, ढोलकी वाजायला लागली, पोरी नाचायला लागल्या. घर गरम झालं. आन् आधी एक पोर शिंकलं. मंग दोन. मंग कमलबाईला ठसका लागला. गाणं तुटलं. सगळ्या बाया पदर नाकाला लावून खोकताय, पोरं रडताय, डोळे जळताय. रेवजी बाबांना तर असा खोकला लागला की दोघांनी धरून बसवलं. वरून बारीक काही तरी पडत होतं, समईच्या उजेडात दिसत होतं, पण काय ते कुणाला कळेना.

दिवलीबाई उठली. "मी काय सांगेल व्हतं? कानबाई कोपनी. तिले आठे ऱ्हावानं नही शे. चौरंग उचला."

एकदा मांडलेला चौरंग सोमवारपर्यंत हलवत नाहीत. तो उचलला म्हणजे संपलंच. सासूनं दोन्ही हात जोडले आन् डोळे मिटले. दोन माणसं उठली बी. रेवजी बाबा खोकत खोकत हातानं थांबा म्हणत होते, का उचला म्हणत होते, समजत नव्हतं.

मंगलाबाई पुढे आली. तिनं पाटावर पाट ठेवला, वर चढली, चांदव्याच्या मागच्या गोणपाटावर बोट घासलं आन् ते बोट तोंडात घातलं. मी खालून तिचं तोंड बघत होते. तिला कळलं. पोत्यात मिरची पडली नव्हती, पण पोती सहा महिने मिरचीच्या ढिगाशेजारी पडून होती. श्रावणाच्या ओलीनं पूड चिकटून बसलेली, समयांच्या ऊबेनं वाळली आन् ढोलकीनं झडली.

ती गप्प राहिली असती तर? लोक म्हणाले असते, देवीची मर्जी. चांदवा जाळला त्याच्यावर आणखी एक चूक कुणाच्या नावावर लागली नसती. कानबाई गेली असती, पण बोट कुणाकडे दाखवलं नसतं.

ती वरूनच म्हणाली, मोठ्यानं, "कानबाई कोपनी नही. मिरची शे. पोतं मिरचीनी वखारमातलं शे, मी धोयं नही. मन्हं चुकनं."

दिवलीबाई म्हणाली, "आते मिरचीनं नाव?"

"चाखी दखा काकी."

दिवलीबाई हलली नाही. रेवजी बाबा उठले, हात वर करून गोणपाट घासला, बोट चाटलं. आधी काही नाही. मंग त्यांच्या नाकातून, डोळ्यांतून पाणीच पाणी. "अरे देवा," ते म्हणाले, "हाई तर लवंगी शे!"

कोण हसलं आधी माहीत नाही. मंग सगळंच घर हसलं, खोकत खोकत हसलं.

तिनं चांदवा उतरवला. आम्ही सगळ्या बायांनी तो अंगणात नेला, कुणी विळीनं, कुणी दातानं अस्तराचे टाके तोडले. खण झटकले, वारा दाखवला. नुसत्या खणांचा चांदवा परत आणून चार कोपऱ्यांना बांधला. हलका झाला होता, समयांचा उजेड त्यातून आरपार येत होता. निळं, गेरूचं, हिरवं. अस्तर नव्हतं तेच बरं होतं.

पण मधोमध भोक. मोर गोणपाटाबरोबर अंगणात राहिला. कानबाईच्या बरोब्बर डोक्यावर चौकोनी भोक आन् त्यातून छपराच्या काळ्या बल्ल्या दिसताय.

कमलबाई कधी काय बोलावं न कळणारी. ती म्हणाली, "मधमा कोना खण व्हता व?"

सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी दिवलीबाईकडे बघितलं नाही, म्हणूनच जास्त कळलं. मंगलाबाई खाली बघत म्हणाली, "कोनाच नही. मी मांगाले कमी पडनू."

दिवलीबाई उठली आन् चालती झाली. दार आपटल्याचा आवाज आला. सासू म्हणाली, "गयी." ढोलकी थांबलेलीच होती. रेवजी बाबा नुसते भोकाकडे बघत बसले. मला वाटलं, ते आता सांगतील, चांदवा अपुरा आहे, उचला.

थोड्या वेळानं दिवलीबाई परत आली. पदराखालून तिनं खण काढला, लाल, रेशमी काठाचा, घड्यांवर पिवळा पडलेला. तिच्या स्वतःच्या लग्नातला. चाळीस वर्षं तिनं तो शिवला नव्हता, कुणाला दिला बी नव्हता. मंगलाबाईच्या हातात कोंबला आन् म्हणाली, "कोरा शे. दख. पानी लागेल नही. आन् आते याले बटाटा न भेंडा नको लावजो, येळ नही शे."

मंगलाबाई पाटावर उभी राहून तिथंच शिवायला लागली. शेजारच्या पाटावर चढून समई कुणी धरली, तर दिवलीबाईनं. दोघींची तोंडं एकमेकींच्या वीतभर अंतरावर. टाका घालताना मंगलाबाई पुटपुटली, "काकी, हात हालाडा नको." दिवलीबाई म्हणाली, "तू चावळू नको, टाका घाल." असं करत शेवटचा टाका पडला.

रेवजी बाबा म्हणाले, "बसनी कानबाई. आठेच ऱ्हाई." ढोलकी परत सुरू झाली. सासूनं त्या दिवशी पोटभर रोट खाल्ला.

त्यानंतर चार कानबाया झाल्या. आठ खण छापलेले, मधला कोरा. दिवलीबाई दर वर्षी भांडायची, "मन्हा मोर कधळ काढशी?" मंगलाबाई म्हणायची, "पुढली कानबाईले, काकी." दिवलीबाई म्हणायची, "मी मरसू मंग काढ." ती मोराची चौकशी करायला रोज आमच्या ओट्यावर यायची, पहिल्यांदा मोराची, मंग चहाची, मंग दुपारभर बसायची. भिकुबाई आन् ती, दोघी म्हाताऱ्या, पंचवीस वर्षं ज्या बोलल्या नव्हत्या. मी एकदा मंगलाबाईला म्हटलं, "काढून टाका ना एकदाचा मोर." ती म्हणाली, "मोर काढा का मंग काकी येई का व?"

चैत्रात ती गेली, तेव्हा सवाष्ण म्हणून ओटी भरायला पहिली दिवलीबाईच आली. नऊ घरांतून खण आले. कुणाला मागावा लागला नाही. लोटनबाबा नंदुरबारहून आला, त्यानं तिच्या हाताची बोटं धरली, ती निळी रेघ बघितली आन् तिथंच बसला.

काल दिवलीबाई आली. चहा झाला. म्हणाली, "छबू, मन्हा मोर ऱ्हायना." मला नाही म्हणता आलं नाही. मी चांदवा काढला, नीळ डिंकात खलली, चुलीमागून पत्र्याचा मोर आणला. मंगलाबाईसारखा हात एकदाच ठेवला. पण उचलताना हलला. रंग पसरला. मान आखूड झाली, पिसारा सगळा एका बाजूला, तुरा तर नाहीच.

दिवलीबाईनं चांदवा डोळ्याजवळ धरला, लांब धरला. म्हणाली, "हाई तर कोंबडी व्हयनी व!"

भिकुबाई आतून म्हणाली, "दखू दखू." दोघी बघायला लागल्या आन् हसायला लागल्या, मी बी हसले. मंग दिवलीबाईनं त्या कोंबडीवर बोट ठेवलं, रंग ओला होता, तिच्या बोटाला लागला, आन् ती रडायला लागली. आम्ही तिघी रडलो.

पुसू का म्हटलं, तर नाही म्हणाली. धुतलं तर कोरं राहणार नाही. पुढच्या रविवारनंतरचा रविवार कानबाईचा. ती आमच्याच घरी बसेल, चांदवा तोच टांगू. डोक्यावर आठ खण मंगलाबाईच्या हातचे आन् मधोमध माझी कोंबडी.